कानफाट्याचे वय

एखाद्या गोष्टीविषयी सर्वांचे एकमत असले म्हणजे ती खरी असतेच असे नाही, याचा दाखला चितळाच्या शिंगांवरून चांगला देता येईल. पुण्या-मुंबईचे पाहुणे दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे चंद्रपूरला येतात. ताडोबा पाहिल्याखेरीज ते परत जात नाहीत, आणि वाघाने दर्शन दिले नाही तर चितळांवर समाधान मानतात. पहिला मोठा नर दिसला की गाडीतील कोणीतरी हमखास त्याच्या शिंगांची टोके मोजू लागते. "एक, दोन, तीन... दोन्हीकडची मिळून सहा. म्हणजे हा सहा वर्षांचा!" मंडळी माना डोलावतात. पुढच्या वळणावर दुसरा नर उभा असतो. तोही सहा वर्षांचा. पाणवठ्यावर चार असतात, तेही सहाच वर्षांचे. या हिशेबाने ताडोब्यातील झाडून सारे नर एकाच साली जन्मले, असे म्हणावे लागेल.

खरी गोष्ट अशी, की वयात आलेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला तीनच टोके असतात: एक कपाळाजवळून पुढे आलेले आणि दोन वरची. चार वर्षांच्या नराला तीन, नऊ वर्षांच्या नरालाही तीन. सांबराचेही तसेच. दरवर्षी एक टोक वाढते ही समजूत बहुधा विलायती हरणांच्या गोष्टींतून आपल्याकडे आली असावी. आणि तिकडेही ती पुरती खरी नाहीच.

मी मराठीचा प्राध्यापक, प्राणिशास्त्राचा नव्हे. तेव्हा आधी शब्दांचा घोळ निस्तरतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. मराठीत शिंग हा एकच शब्द आहे. बैलाचे ते शिंग आणि चितळाचेही शिंगच. निसर्गाने मात्र या दोन वस्तू अगदी वेगळ्या घडवल्या आहेत. बैलाचे, काळविटाचे, रोह्याचे शिंग म्हणजे आत हाडाचा खुंट आणि वर नखासारख्या पदार्थाचे पोकळ टोपण. ते जन्मभर टिकते आणि मोडले तर पुन्हा येत नाही. चितळ, सांबर, भेकर यांचे शिंग भरीव हाडाचे असते, फक्त नराला येते, आणि ते गळून पडून पुन्हा उगवते. इंग्रजीने दोन शब्द करून भांडण मिटवले आहे. आपण भरीव शिंग आणि पोकळ शिंग म्हणावे, निदान या लेखापुरते. 'मृग' या शब्दाचीही मौजच आहे. संस्कृतात आरंभी मृग म्हणजे कोणताही रानपशू. म्हणून तर सिंह हा मृगेंद्र. पुढे तो अर्थ आकसत आकसत हरणापाशी येऊन थांबला. चितळ हा शब्द 'चित्रल' पासून, म्हणजे ठिपक्यांचा. हे ठिपके पाडसालाही असतात आणि म्हाताऱ्या नरालाही. ते पुसले जात नाहीत, आणि कोणत्याही दोन चितळांचे सारखे नसतात.

आता आमच्या शेताविषयी. मूल तालुक्यात, जंगलाला अगदी खेटून, वडिलांच्या वाट्याची सहा एकर जमीन आमच्याकडे आली. चार एकर धानाच्या बांध्या, उरलेली वरकस जमीन. तिच्यात तूर, कधी जवस. धान निसवायला लागला की त्याच ओलीवर बांध्यांत लाखोळी फेकतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी हाती येते. मधोमध एक बोडी आहे, म्हणजे लहानसे तळे, आणि धुऱ्यावर पाच मोहाची झाडे. शेत बटईने दिलेले आहे. बटईदार सत्तरीला टेकलेले गृहस्थ. सारे गाव त्यांना बाबाजी म्हणते, म्हणून मीही बाबाजीच म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात. प्राध्यापक हा शब्द त्यांना ठाऊक नाही असे नाही, पण तो त्यांना विनाकारण लांब वाटतो.

जंगल आणि शेत यांच्यामध्ये कुंपण नाही, एक नाला तेवढा आहे. तो चितळांना कधी अडवू शकला नाही. धानाचे पऱ्हे तरारले की चितळ हजर, लाखोळी कोवळी असली की हजर, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टपटपू लागली की माणसांच्या आधी हजर. २०१२ च्या दिवाळीत मी शेतावर असताना असाच पंधरा-वीस चितळांचा कळप संध्याकाळी बोडीवर उतरला. त्यात एक कोवळा नर होता. डोक्यावर कानाच्या निम्म्या उंचीच्या दोन सरळ खुंट्या, फाटा एकही नाही. नराला पहिली शिंगे येतात ती अशीच, वयाच्या दुसऱ्या वर्षात. त्याचा डावा कान मधोमध उभा चिरलेला होता. तारेच्या काट्याने की कोळसुनांच्या दाताने, देव जाणे. बाबाजींनी त्याचे बारसे तिथल्या तिथे उरकले: "हा पाहा मास्तर, कानफाट्या!" आणि मराठी म्हणीप्रमाणे एकदा नाव पडले ते पडलेच.

कान फाटलेला नसता तर हा लेख लिहून झाला नसता. नर चितळाला वर्षानुवर्षे ओळखणे फार कठीण. जी शिंगे आपल्या डोळ्यांत भरतात तीच तो दरवर्षी टाकून देतो. डोक्यावरचा मुकुट दरसाल बदलणाऱ्या राजाला मुकुटावरून कोण ओळखणार? पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखता येते, पण त्याला चांगली दुर्बीण आणि त्याहून चांगला धीर लागतो. फाटका कान मात्र शंभर पावलांवरूनही दिसतो. तेव्हापासून मी एक वही घातली. सुटीत शेतावर गेलो की तारीख, वेळ, कानफाट्याची शिंगे, त्याच्याभोवती कोण कोण, एवढे लिहायचे. मी नसताना बाबाजी बघत आणि मी आलो की सांगत. त्यांची स्मरणशक्ती माझ्या वहीपेक्षा पक्की होती. फक्त सन त्यांच्या हिशेबात नसे. "पाऊस दगा देऊन गेला त्या साली", "नातीचं लगन झालं त्या साली", असा त्यांचा शक. तो इसवी सनात बसवणे हे माझे काम.

वर्षभराचा क्रम साधारण असा दिसे. पोळ्याच्या आगेमागे मोठ्या नरांची शिंगे गळू लागतात. दिवाळीला यावे तर बरेच नर बोडके, किंवा डोक्यावर लव असलेल्या कातडीत गुंडाळलेले मऊ कोंब घेऊन हिंडणारे. थंडीत हे कोंब वाढतात. त्यांतून रक्तवाहिन्या खेळत असतात. हात लावला तर ते गरम लागतील. प्राण्यांच्या अंगात इतक्या झपाट्याने वाढणारे दुसरे हाड नाही म्हणतात. मग शरीरात नरपणाचे रस वाढू लागले की आतले हाड टणक होते, वरची कातडी सुकते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. होळीच्या सुमारास पाहावे तर डोक्यावर चकचकीत हत्यारे तयार. मोहाच्या हंगामापासून पहिल्या पावसापर्यंत माजाचे दिवस. ते सरले, रस ओसरले, की शिंगाच्या बुडाशी हाड पोखरले जाते आणि एक दिवस शिंग गळून पडते. चितळांत हा नियम सैल असतो, हेही सांगायला हवे. ऐन दिवाळीतही एखादा पठ्ठ्या टणक शिंगे मिरवताना दिसतोच. माजाच्या दिवसांपासून साडेसात-आठ महिने मोजले की पाडसे जन्मण्याचा मोसम येतो, तो आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. त्या हिशेबाने कानफाट्याचा जन्म २०११ च्या आरंभीचा.

२०१४ साली त्याच्या शिंगांना तीन टोके आली होती, पण शिंगे बारीक, वेताच्या छडीसारखी. जिथे जाई तिथे थोरले नर त्याला हुसकावून लावीत. तो आपल्या वयाच्या तिघा-चौघांबरोबर बोडीच्या पलीकडे चरत राही. २०१६ पासून पुढची तीन वर्षे मात्र त्याची. मान जाड झाली, तोंडावरचे काळे पट्टे गडद झाले, पाठीवरची कणारेषा काळसर दिसू लागली. २०१७ च्या पावसाळ्यात त्याचे डावे शिंग आमच्याच धुऱ्यावर पडलेले बाबाजींना सापडले. मी सौभाग्यवतींच्या शिवणकामाच्या डब्यातली टेप नेऊन मोजले. वळणावरून २९ इंच भरले. वनरक्षकाला निरोप धाडला आणि शिंग त्याच्या हवाली केले. गळलेले असले तरी ते दिवाणखान्यात टांगण्याची वस्तू नव्हे. अभयारण्यातून असे काही उचलून आणणे तर सरळ गुन्हाच. उजवे शिंग महिन्याने नाल्यात दिसले, पण साळिंदरांनी कुरतडून त्याची पार दशा केलेली होती. त्यांना त्यातला चुना आणि स्फुरद हवा असतो. खुद्द चितळेही पडलेली शिंगे चघळतात. रानात काही वाया जात नाही, असे आपण सहज म्हणतो. साळिंदराचे दात पाहिले की ते पटते.

नर चितळ म्हणजे कळपाचा कुटुंबप्रमुख, अशी आपल्या कुटुंबवत्सल मनाची कल्पना असते. तसे काही नसते. हा कळप माद्यांचा आणि पाडसांचा. पुढे चालते ती बहुधा एखादी जाणती मादी. नर आज या कळपात, उद्या त्या कळपात. त्याचे ना वतन, ना जनाना. माजावर आलेली मादी दिसली की तिच्या मागे मागे राहायचे, दुसऱ्याला जवळ येऊ द्यायचे नाही, की पुन्हा पुढे चालू लागायचे. मे महिन्याच्या पहाटे त्याचा तो घोगरा, ओढून काढलेला आवाज शेतावर अनेकदा ऐकला. दुसरी गंमत म्हणजे मागच्या दोन पायांवर उभे राहून वरच्या डहाळ्यांत शिंगे घुसळणे. चिखलातल्या ठशांवरून बाबाजी सांगत, की रात्री कानफाट्या "माणसावानी उभा झाला होता."

झुंजी मात्र आपण समजतो तितक्या होत नाहीत. दोन नर अंग ताठ करून, मान वर उचलून, एकमेकांना आपली बाजू दाखवत तोऱ्यात चालतात, आणि बहुतेक वेळा त्यातच निकाल लागतो. २०१८ च्या डिसेंबरातला एक प्रसंग वहीत आहे. कानफाट्या अंगापिंडाने कळपात सर्वांत मोठा. पण त्याची शिंगे अजून लवेत, मऊ. तेवढ्यात एक नर आला. वजनाने कमी, वयाने लहान, पण शिंगे टणक झालेली. त्याने नुसती मान तिरपी केली आणि कानफाट्या गुमान बाजूला झाला. जॉर्ज शॅलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात मध्यप्रदेशातील कान्हाला राहून चितळांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. अधिकाराची उतरंड अंगबळाइतकीच शिंगांच्या अवस्थेवर ठरते, असे त्याचेही निरीक्षण आहे. मऊ शिंगांवर घाव बसला तर वर्षाचे हत्यार वाकडे होणार, म्हणून हे शहाणपण. त्या दिवसांत सारे बोडके आणि लवेतले नर आपापसांत टोळी करून शांतपणे चरतात, पेन्शनरांच्या कट्ट्यासारखे.

इंग्रज शिकाऱ्यांना या सगळ्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना इंच हवे होते. जुन्या मध्यप्रांतात वनाधिकारी असलेल्या डनबार ब्रँडरने १९२३ साली मध्य हिंदुस्थानातील वन्य प्राण्यांवर लिहिलेले पुस्तक याला चांगला अपवाद आहे. आमच्याकडची परंपरा त्याहून जुनी. तेराव्या शतकात हंसदेव नावाच्या जैन पंडिताने 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ रचला. पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव, त्यांचा माज आणि त्यांची आयुर्मर्यादा असे विषय त्यात आहेत. तो मराठीत आणण्याच्या कामी मारुती चितमपल्ली होते. सारी हयात वनखात्यात काढून, आदिवासींच्या तोंडचे शेकडो शब्द मराठीला देणारा हा लेखक. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. वर्गात त्यांचे लेखन शिकवताना मला दरवेळी वाटते, की मुलांना पुस्तकासकट नाल्यावर नेऊन बसवावे.

रोह्याचे, म्हणजे नीलगाईच्या नराचे, वय ओळखणे त्या मानाने सोपे. लहानपणी तो आईसारखा पिंगट असतो आणि वयात येतो तसा निळसर करडा होत जातो. काळविटाचेही तसेच, कोवळा नर पिवळट, भरवयातला नर काळाभोर. पण काळवीट आमच्या बाजूला नाही. ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी सोलापूरजवळ नान्नजला, किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीला जावे. सांबर वय वाढेल तसे काळपट होते आणि मानेवर आयाळ धरते. चितळाची कातडी इतके स्पष्ट बोलत नाही. म्हणून मी बाबाजींना एकदा विचारले, की तुम्ही कसे ओळखता? ते म्हणाले, "सिंगावरून वय नाही समजत, मास्तर. मान पाहा, पोट पाहा, पाठ पाहा. बैल बाजारात घेतो तसाच पाहा." आणि खरेच, सारे शास्त्र त्यात आले. तरुण नराचे पाय लांब वाटतात, कारण धड भरलेले नसते. भरवयात मान आणि छाती एक होतात. उतारवयात पाठ मध्ये खोलगट होते, पोट खाली ओघळते, कमरेची हाडे वर दिसू लागतात. शिंगे भरवयापर्यंत वाढतात आणि नंतर साल दर साल खाली येतात: आखूड, खडबडीत, कधी एखादे टोक कमी.

कानफाट्याची उतरण मी सर्वांत जवळून पाहिली ती २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी झाली, कॉलेज बंद पडले, आणि आम्ही सहकुटुंब शेतावर जाऊन राहिलो. मोबाईलचे नेटवर्क तिसऱ्या मोहाखाली तेवढे मिळे. त्यामुळे त्या झाडाखाली खाट टाकून मी संतकाव्य शिकवीत असे, आणि समोर चितळे मोहाची फुले वेचीत. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांची हजेरी चांगली होती. कानफाट्या येई, पण दुपारी, कळप निघून गेल्यावर. डाव्या शिंगाचे वरचे एक टोक आलेच नव्हते. पहाटे त्याने एकदा आवाज दिला. दुसऱ्या बाजूने उत्तर आले तसा तो गप्प झाला. २०२१ च्या हिवाळ्यात तो एकटाच हिंडू लागला. एकट्या चितळाला कान दोनच, डोळेही दोनच. कळपात असताना चाळीस असतात. झाडावर वानरे असली की त्यांच्या खाली चरायचे, म्हणजे पाडलेला पालाही मिळतो आणि पहारेकरीही. म्हातारपणी त्याने वानरांची सोबत धरली होती.

इथे वाचकांना वाटेल, की हे प्राध्यापक हरणे पाहत बसतात, पण पिकाचे काय? प्रश्न रास्त आहे. हरभरा, लाखोळी, धान यांतला मोठा वाटा रानाला जातो, आणि बटईत निम्मे नुकसान बाबाजींचे. भरपाई मिळते, पण अर्ज, सातबारा, पंचनामा आणि खेटे यांचा हिशेब मांडला तर लाखोळीपेक्षा चपलाच जास्त झिजतात. पूर्वी यावर उपाय होता जागलीचा. मचाणावर शेकोटी, डबा बडवायला, रात्रभर हाळ्या. ताडोब्याच्या जंगलात १९३५ साली शिकार थांबली, १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, शेजारचे अंधारी १९८६ साली अभयारण्य झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ वाढले, ही आनंदाचीच गोष्ट. पण वाढलेले वाघ नकाशातील रेघ पाहून चालत नाहीत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या भागांत ते शेतापर्यंत येतात. चितळ शेतात आले की त्यांच्या मागोमाग. सरपणाला, मोहाला, जागलीला गेलेली कितीतरी माणसे गेल्या काही वर्षांत परत आली नाहीत. आमच्या गावातल्या बायांनी पहाटे मोह वेचायला जाणे सोडून दिले आहे. बाबाजींनाही घरच्यांनी जागल बंद करायला लावली.

मग माणूस दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे तार. कुंपणाला थेट विजेच्या खांबावरून वीज जोडायची. रानडुक्कर मरते, चितळ मरते, वाघ मरतो आणि अंधारात चाललेला शेजारीही मरतो. सौरकुंपणाची गोष्ट वेगळी. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जनावर दचकून मागे फिरते, जीव जात नाही. त्यासाठी अनुदानाच्या योजनाही आल्या आहेत. पण थेट तारेला अर्ज लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गंभीर गुन्हा आहे, आणि शेतात मेलेले जनावर सापडले की पहिला संशय तारेचाच येतो.

तो आमच्यावरही आला. २०२२ च्या मे महिन्यात सकाळी बाबाजींचा फोन आला: "मास्तर, कानफाट्या गेला. आपल्याच बोडीवर पडला आहे. लवकर या." आवाज नेहमीचा नव्हता. मी पोहोचलो तेव्हा वीस-पंचवीस माणसे जमलेली. बोडीच्या काठावर, पाण्याकडे तोंड करून तो पडला होता. चाळीस पावलांवर आमच्या मोटरपंपाची पेटी, तिला खांबावरून आलेली तार. कोणीतरी मोठ्याने म्हणालेच, "तार तर इथंच आहे." बाबाजी पेटीपाशी उकिडवे बसले होते. सबंध आयुष्यात पोलिसाच्या दारात पाय न ठेवलेला माणूस. त्यांचे हात थरथरत होते. मुलगा त्यांना हळू आवाजात सांगत होता, "बाबा, तुम्ही काहीच बोलू नका."

वनरक्षक आला, क्षेत्रसहायक आले, दुपारी पशुवैद्यकीय अधिकारी आले. त्यांनी माणसांना मागे सारले आणि काम सुरू केले. आधी ओठ, नाक, खूर, पायांच्या नळ्या. विजेचा धक्का बसला तर कातडी जळाल्याची खूण राहते. ती कुठेच नव्हती. दाताच्या, पंजाच्या जखमा नव्हत्या. पोटात वाळका, जाडाभरडा, नीट न चावलेला चारा. मग त्यांनी मांडीचे हाड फोडले. धडधाकट जनावराच्या हाडातला मगज पांढरट, तुपासारखा असतो. इथे तो लालसर आणि लिबलिबीत होता. म्हणजे अंगावरची चरबी तर संपलीच, पण हाडाच्या आत जपलेली शेवटची पुंजीही सरली होती. आणि शेवटी त्यांनी जबडा उघडला. "इकडे या सर," ते मला म्हणाले, "तुम्ही वही ठेवता ना? मग हे पाहा."

हरणाला वरचे पुढचे दात नसतात, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खालच्या दातांनी चारा तोडायचा आणि दाढांनी दळायचा. पुन्हा रवंथ करताना पुन्हा दळायचा. साधारण दोन-अडीच वर्षांपर्यंत दुधाचे दात जाऊन कायमचे येतात. त्यानंतर नवे काही मिळत नाही, फक्त झीज. उन्हाळ्यातले सुके गवत, त्यावरची धूळ आणि वाळू यांनी दाढांवरच्या धारा बोथट होत जातात. जाते बोथट झाले तर पाथरवट बोलावून टाकी लावून घेता येते. हरणाला ती सोय नाही. कानफाट्याच्या दाढा पाटीसारख्या सपाट झाल्या होत्या, दोन तर हिरडीलगत. तोंडभर चारा घेऊनही तो उपाशी होता. प्रयोगशाळेत दाताच्या मुळाचा पातळ काप घेऊन झाडाच्या वलयांसारखी वर्तुळे मोजता येतात, असे डॉक्टर म्हणाले. पण इथे त्याची गरज त्यांना वाटली नाही.

पंचनाम्यात एक रकाना होता: अंदाजे वय. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी वही उघडून २०१२ च्या दिवाळीचे पान दाखवले, फाटक्या कानाचे, दोन खुंट्यांचे. हिशेबाने अकरा वर्षे चालू होती. बंदिवासात चितळ वीस वर्षांपर्यंतही जगते. रानात नराने अकरा वर्षे काढणे ही लहान गोष्ट नाही. डॉक्टरांनी जबडा पुन्हा एकदा न्याहाळला आणि लिहिले, 'दहा ते बारा वर्षे'. मृत्यूचे कारण: वार्धक्य व उपासमार. नैसर्गिक. क्षेत्रसहायकांनी ते मोठ्याने वाचून दाखवले. गर्दीतला तारेविषयी बोललेला माणूस तोवर निघून गेला होता.

संध्याकाळी नाल्याच्या पलीकडे लाकडे रचून, नियमाप्रमाणे सर्वांसमक्ष, शिंगांसकट दहन झाले. त्या शेवटच्या वर्षीची शिंगे जेमतेम दीड फुटाची होती. बाबाजी शेवटपर्यंत उभे राहिले. परतताना म्हणाले, "दात गेल्यावर माणसाले भात मऊ करून देणारी सून असते. याले कोन देणार होतं?" मग थोडे चालून, "लाखोळी लई खाल्ली त्यानं आपली."

गेल्या वर्षी आम्ही नाल्याच्या बाजूने सौरकुंपण घातले. अनुदान आठ महिन्यांनी आले. मोहाची झाडे बाबाजींच्या सांगण्यावरून कुंपणाच्या बाहेर ठेवली आहेत. पंचनाम्याची प्रत त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. ती त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या पुडक्याबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेली आहे.